पार्श्वभूमी : जेरोनिमोस मठाचा चौक आणि प्राडोचा विस्तार

माद्रिदमधील प्राडो संग्रहालयाच्या मागच्या उंचवट्यावर, जुन्या जेरोनिमोस चर्चला अगदी खेटून या कलासंग्रहालयाच्या विस्ताराची विटांची एक घनाकार इमारत २००७ मध्ये खुली झाली. तिच्यासाठी मठाचा जुना चौक उतरवण्यावरून झालेला वाद समजण्यासाठी मठाची झालेली वाताहत लक्षात घ्यावी लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे स्थिरावलेल्या या मठाला राजाश्रय होता आणि त्याच्या चर्चमध्ये युवराजांप्रती निष्ठेच्या शपथा घेतल्या जात. १८०८ पासूनच्या फ्रेंच आक्रमणात त्याची नासधूस झाली. पुढे १८३० च्या दशकात मठांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि साधूंना तो कायमचा सोडावा लागला. चर्चचा जीर्णोद्धार झाला, पण सतराव्या शतकातील ओवऱ्यांचा चौक मात्र ऊनपावसात झिजत राहिला.

जागेअभावी अडचणीत आलेल्या संग्रहालयासाठी १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. तिला शेकडो आराखडे आले, तरी पहिले पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही. १९९८ मध्ये मोजक्या स्पर्धकांच्या दुसऱ्या फेरीतून सध्याच्या इमारतीचा आराखडा निवडला गेला.

खरा मतभेद होता तो चौक उतरवण्याच्या निर्णयावर. चौकाखाली दालने हवी असल्याने ओवऱ्यांचे दगड एकेक करून काढण्यात आले आणि दुरुस्तीनंतर नव्या बांधकामाच्या वरच्या मजल्यावर पुन्हा रचण्यात आले. दगडांची झीज इतकी होती की ते उघड्यावर टिकले नसते, हा समर्थकांचा युक्तिवाद ग्राह्य आहे. मात्र त्यांना छप्पर देणे आणि त्यांच्याखालची जमीन काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची गरज मठाला नव्हे, संग्रहालयाला होती. चर्चशेजारी एवढी मोठी इमारत नको म्हणून परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले, तरी प्रकल्प पूर्णत्वास गेला. आज त्या ओवऱ्यांमध्ये शिल्पे मांडलेली आहेत आणि मधल्या काचेच्या झरोक्यातून खालच्या दालनांना उजेड मिळतो.

मठालगत १६३० च्या दशकात उभारलेल्या राजवाड्याचे एक उरलेले दालनही आता संग्रहालयाकडे आहे. त्या दालनाच्या विस्तारासाठी २०१६ मध्ये निवडलेल्या आराखड्यात त्याचा जुना दर्शनी भाग जागेवरच ठेवून पुन्हा दृष्टीस आणण्याची योजना आहे.