जमिनीखालची गळती कानाने शोधण्याचा इतिहास

दाबाखालचे पाणी बारीक फटीतून सुटले की आवाज होतोच. पाइपची भिंत थरथरते, बाहेर पडलेली धार मातीवर आपटते, आणि भोवतालची माती वाहून जाऊन पोकळी झाली असेल तर तिच्यात पाणी घुमते. हे आवाज पाइपमधून, पाण्यातून आणि जमिनीतून दूरवर जातात. त्यामुळे गळती ऐकू येणे ही तशी जुनीच गोष्ट. अडचण होती ती जागा ठरवण्याची. शंभर मीटर लांबीच्या लाइनवर कुठेतरी पाणी चालले आहे, एवढ्या माहितीवर रस्ता खोदता येत नाही. ऐकू आलेला आवाज आणि खोदायची नेमकी जागा यांच्यातले हे अंतर कमी करण्यात दीडशे वर्षे गेली, आणि या क्षेत्रातले प्रत्येक नवे उपकरण त्यासाठीच जन्माला आले.

पद्धतशीर सुरुवात म्हणून लिव्हरपूलकडे बोट दाखवावे लागते. 1870च्या सुमारास त्या शहराला ठराविक तासच पाणी मिळत होते. शहराचे अभियंता जॉर्ज डीकन यांनी 1873 मध्ये एक मीटर तयार केला. तो मोठ्या भागाच्या मुख्य लाइनवर बसवायचा. घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर तो दिवसरात्र प्रवाहाची रेघ काढत राही. मध्यरात्रीनंतर, सगळे झोपलेले असताना रेघ शून्याजवळ येत नसेल, तर त्या भागात पाणी वाया जात आहे हे उघड होई. मग निरीक्षक बाहेर पडत. फुटपाथखालच्या स्टॉपकॉकवर, म्हणजे घराचे पाणी बंद करायच्या झडपेवर, ते चावी टेकवत आणि चावीच्या दुसऱ्या टोकाला कान लावत. आवाज आला की तो स्टॉपकॉक बंद करून वेळ टिपून ठेवत. सकाळी कागदावरची रेघ त्याच वेळेला खाली उतरलेली दिसली, तर कोणत्या जोडणीवर किती पाणी जात होते हे आकड्यात मिळे. आवाज आणि मोजमाप यांची सांगड इथे पडली. या मोहिमेने वाचवलेल्या पाण्यावर लिव्हरपूलला पुन्हा चोवीस तास पुरवठा सुरू करता आला. याच डीकन यांनी पुढे लिव्हरपूलसाठी वेल्समधल्या व्हर्न्वी धरणाचे काम केले. आधी गळती, मग धरण हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आजही पुष्कळ ठिकाणी तो उलटा असतो.

चावीची जागा लवकरच खास काठीने घेतली. लाकडी किंवा पोलादी दांडा आणि वरच्या टोकाला कानावर बसणारी वाटी, एवढीच तिची रचना. पॅरिसचे डॉक्टर लेनेक यांनी 1816 मध्ये रुग्णाच्या छातीसाठी कागदाची गुंडाळी आणि नंतर लाकडी नळी वापरली होती, तत्त्व तेच. अमेरिकेत ॲक्वाफोन नावाचे साधन रूढ झाले. त्यात टेलिफोनच्या रिसीव्हरसारख्या वाटीत पातळ पडदा असे आणि त्याला जोडलेला टोकदार दांडा व्हॉल्व्हवर टेकवला जाई. वीज नाही, बॅटरी नाही. पण काठीने एवढेच कळे की या व्हॉल्व्हवर आवाज मोठा आहे आणि त्या व्हॉल्व्हवर लहान. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा अनुभवाने ठरवावी लागे.

पुढची पायरी युद्धाने दिली. जमिनीतला आवाज ऐकून शत्रूचे भुयार शोधण्याची कल्पना फार जुनी आहे. बार्का नगराला इराणी सैन्याचा वेढा पडला असताना एका कारागिराने तटाच्या आत ठिकठिकाणी जमिनीवर ढाल टेकवून पाहिली आणि जिथे ती घुमली तिथे खाली खोदकाम चालू असल्याचे ओळखले, अशी नोंद प्राचीन ग्रीक इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांखाली सुरुंग पेरण्याची चढाओढ लागली, तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी जिओफोन घडवला. पेरँ यांना पुढे 1926 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या जिओफोनमध्ये एक चपटी गोल डबी असे आणि तिच्या आत अभ्रकाच्या दोन पडद्यांमध्ये पारा भरलेला असे. जमीन थरथरली की डबी हलते, जड पारा मात्र जडत्वामुळे जागीच राहतो. त्या फरकाने आतली हवा दाबली जाते आणि तो दाब रबरी नळीतून कानापर्यंत पोचतो. खरी करामत पुढे आहे. डब्या दोन असत, प्रत्येक कानाला एक. दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत त्या जमिनीवर सरकवायच्या. सारखा आला की दोन डब्यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात आवाजाची दिशा मिळाली. दोन ठिकाणी ऐकून फरकावरून जागा काढायची, हे सूत्र इथे हातात आले. युद्ध संपल्यावर जिओफोन खाणींत आणि पाणीपुरवठ्याच्या कामात उतरले, आणि साध्या यांत्रिक स्वरूपात ते अजूनही वापरात आहेत.

त्यानंतरच्या काळात इलेक्ट्रॉनिक ट्यूब आणि पुढे ट्रान्झिस्टर आले, आवाज वाढवता आला, फिल्टर लावून रहदारीची घरघर कमी करता आली. ग्राउंड मायक्रोफोन घेऊन लाइनच्या रेषेवरून पावलापावलाने चालायचे आणि सर्वात मोठा आवाज जिथे येईल तिथे खूण करायची, ही पद्धत याच काळात पक्की झाली. ती उपयोगी आहे, पण फसवीही आहे. भक्कम काँक्रीटवरून आवाज नीट येतो, गवत किंवा भुसभुशीत मातीवरून जवळजवळ येतच नाही. त्यामुळे आवाजाची कमाल जागा गळतीवरच असेल याची खात्री नसते.

मोठी उडी कोरिलेटरने मारली. 1970च्या दशकात ब्रिटनच्या वॉटर रिसर्च सेंटरमध्ये त्यावर काम झाले आणि दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष रस्त्यावर वापरण्याजोगी यंत्रे आली. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर बसवायचे. गळतीचा आवाज जवळच्या सेन्सरला आधी पोचतो, लांबच्याला उशिरा. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवत कुठे जुळतात हे यंत्र तपासते आणि उशीर किती झाला ते सांगते. समजा सेन्सरमधले अंतर 100 मीटर आहे, बिडाच्या पाइपमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला 1200 मीटर आहे आणि उशीर 20 मिलिसेकंद आला. त्या वेळात आवाज 24 मीटर जातो. शंभरातून चोवीस वजा करून निम्मे केले की 38; म्हणजे आधी ऐकणाऱ्या सेन्सरपासून 38 मीटरवर खोदायचे. कानाच्या तयारीवर अवलंबून असलेले काम प्रथमच बेरीज-वजाबाकीत बसले.

यातला वेग मात्र माहीत असावा लागतो, आणि त्याचे सूत्र गळतीशी संबंध नसलेल्या अभ्यासातून आले होते. डच गणिती कोर्टवेग यांनी लवचीक नळीतल्या द्रवातून लहर किती वेगाने जाते याचे गणित 1878 मध्येच मांडले होते. भिंत जितकी मऊ तितका वेग कमी. मोकळ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो, बिडाच्या पाइपमध्ये त्याहून थोडा कमी, आणि प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये तो 300 ते 500 मीटरपर्यंत घसरतो. वरच्याच उदाहरणात लाइन प्लॅस्टिकची निघाली आणि खरा वेग 400 असला, तर उत्तर 38 नव्हे, 46 येते. आठ मीटर चुकीच्या जागी खड्डा! नकाशावर पाइपचा प्रकार चुकीचा नोंदलेला असणे किती महाग पडते ते यावरून कळेल. मधला एखादा तुकडा दुरुस्तीच्या वेळी बदललेला असेल, तर प्रत्येक तुकड्याचा वेग वेगळा धरावा लागतो.

प्लॅस्टिकने दुसरीही अडचण आणली. धातूच्या पाइपमध्ये तीव्र स्वराचा फुसकारा लांबवर टिकतो. प्लॅस्टिक तो गिळून टाकते आणि उरते ती फक्त मंद, खर्जातली थरथर. जुन्या फिल्टरांनी नेमकी तीच कापली जात होती. 1990च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने प्लॅस्टिक लाइनवर मुद्दाम गळत्या तयार करून त्यांचे आवाज अभ्यासले. त्यानंतर कमी कंपनसंख्येवर काम करणारे कोरिलेटर आणि थेट पाण्यातला आवाज टिपणारे हायड्रोफोन यांच्यावर भर आला.

दरम्यान धोरणही बदलत होते. ब्रिटनमध्ये 1980 साली आलेल्या ‘अहवाल 26’ने शहराचे लहान विभाग पाडून रात्रीचा किमान प्रवाह मोजण्याची रीत घालून दिली. ती डीकन यांच्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती होती. 1995 च्या दुष्काळात यॉर्कशरला टँकरने पाणी आणावे लागले, लोक संतापले, आणि त्यानंतर इंग्लंड-वेल्समधल्या पाणी कंपन्यांवर गळतीची सक्तीची उद्दिष्टे आली. अशा दबावाखाली लॉगरना मागणी आली. चुंबकाने व्हॉल्व्हवर चिकटणारे हे डबे पहाटे दोन ते चारच्या शांततेत आवाज टिपतात. वापराचा आवाज चढउतार करतो, गळतीचा तासन्‌तास एकसारखा राहतो. त्यावरून संशय ठरतो.

मोठ्या व्यासाच्या लाइनवर बाहेरून ऐकणे निरुपयोगी ठरते, कारण व्हॉल्व्ह दूरदूर असतात आणि आवाज विरून जातो. तिथे कानच आत सोडण्यात आला. सहारा या प्रणालीत तारेला बांधलेला हायड्रोफोन छोट्या पॅराशूटच्या ओढीने चालू लाइनमधून पुढे जातो, आणि वर चालणारा माणूस त्याची जागा टिपत राहतो. पुढे तारेशिवाय प्रवाहाबरोबर वाहत जात आवाज टिपणारे चेंडूही आले.

इतके होऊनही काठी गेलेली नाही. टोकियोची गळती 1950च्या दशकाच्या मध्यात सुमारे 20 टक्के होती. ती 3 टक्क्यांच्या आसपास आली ती जुन्या लाइन बदलून, आणि त्याबरोबर रात्री काठी घेऊन फिरणाऱ्या प्रशिक्षित माणसांच्या जोरावर. कोरिलेटर फाट्यावरच्या गळतीला मुख्य लाइनवरच्या जोडावर दाखवतो, गळती दोन सेन्सरच्या बाहेर असेल तर सेन्सरच्याच जागेवर बोट ठेवतो, आणि पंपाचा किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्हचा आवाजही गळती म्हणून पुढे करू शकतो. म्हणून रस्त्याला कटर लावण्यापूर्वी जाणकार पथक त्या जागी वरून एकदा ऐकतेच. आणि या सगळ्याला दाब लागतो. लाइन रिकामी किंवा दाब फार कमी असेल तर सर्वात महागडे यंत्रही मुके राहते. ठराविक वेळ पाणी सुटणाऱ्या शहरांत शोधपथकाला पुरवठ्याच्या त्याच वेळेत, वापराच्या गोंगाटात काम करावे लागते.

खड्डा भरण्याआधी पुन्हा ऐकण्याची शिस्तही याच अनुभवातून आली. मोठ्या गळतीच्या आवाजाखाली शेजारची लहान गळती दबून जाते, आणि मोठी बंद झाली की लाइनचा दाब वाढून तीच लहान गळती ठळक ऐकू येऊ लागते.