पानामागचा प्रत्येक कोळी वैरी नसतो

कडोली असो की खानापूर, वांग्या-मिरचीच्या बांधावर एक वाक्य ठरलेलं: "पानामागं कोळी हलतोय, आधी फवारा मारा." हे निम्मंच खरं आहे.

पान पिवळं ठिपकेदार करतो तो लाल कोळी (जाळीतला मोठा कोळी नव्हे, माइट नावाचा बारीक जीव). रस शोषतो, जाळं विणतो आणि बहुधा एका जागी रेंगाळतो. पण त्याच जाळ्यात दुसराही एक कोळी सापडतो: भक्षक कोळी. हाही जेमतेम अर्धा मिलिमीटर, पायही आठच. मग ओळखायचा कसा? दहापट भिंग घ्या, पान उलटा, त्यावर हळूच फुंकर मारा. जो चकचकीत, नासपतीच्या आकाराचा जीव सुसाट पळत सुटतो तो बहुतेक आपला. अंडीही बघा: लाल कोळ्याची गोल, याची लांबट. फायटोसियुलस पर्सिमिलिस या जातीची मादी दिवसाला लाल कोळ्याची वीसेक अंडी फस्त करते. युरोपातल्या काचघरांत १९६० च्या दशकापासून ती मुद्दाम सोडतात.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड (कृत्रिम कीटकनाशकांचा एक गट) मारलं की आधी हा राखणदार मरतो. लाल कोळी उरतो, उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात पिढी उभी करतो, आणि आपण दुकानदाराला म्हणतो, "अण्णा, औषध बोगस दिलंत!"