शिजियाझुआंग: पुलाचा खर्च टाळण्यातून उभं राहिलेलं शहर

चीनच्या हेबेई प्रांताची ही राजधानी सव्वाशे वर्षांपूर्वी एक लहानसं खेडं होती. नाव होतं ते हुतुओ नदीच्या उत्तरेच्या झेंगडिंगचं. तटबंदी, बाजार, कचेऱ्या सगळं तिथे. बीजिंग-हांकौ लोहमार्गाला शेजारच्या शान्शी प्रांतातल्या तैयुआनचा फाटा तिथूनच फुटायचा होता. पण मग नदीवर आणखी एक पूल बांधणं आलं. तो खर्च वाचवायला जंक्शन दक्षिण काठावर, या खेड्यापाशी सरकवलं. 1907 मध्ये फाटा पूर्ण झाला.

फाटा मीटरगेज आणि मुख्य मार्ग त्याहून रुंद रुळांचा, स्टँडर्ड गेज. त्यामुळे शान्शीचा कोळसा इथे उतरवायचा आणि दुसऱ्या वाघिणींत भरायचा. मीटरगेजच्या काळातलं मनमाड पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. हमाल आले, वखारी आल्या, मग कापडगिरणी. 1937 मध्ये जपान्यांनी शहर घेतलं आणि पुढे गेजही बदलला. तोवर वस्ती पक्की रुजली होती. नोव्हेंबर 1947 मध्ये कम्युनिस्टांनी ते हल्ला करून जिंकलं. यादवी युद्धात असं हाती आलेल्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी हे एक. 1950 नंतर गिरण्या वाढल्या, सोव्हिएत मदतीनं पेनिसिलिनचा कारखाना निघाला. 1968 मध्ये राजधानी बाओडिंगहून इथे आली.

मराठी माणूस इथे येतो तो बहुधा हुतात्मा स्मशानभूमीसाठी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. आधी त्यांना तांग तालुक्यातल्या एका खेड्यात पुरलं होतं; पुढे समाधी या शहरात हलवली. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी याच आवारात आहे.

शहरात जुनं काही नाही, अशी तक्रार ऐकू येते. खरीच आहे, पण जुनं सगळं जवळच आहे. झेंगडिंगच्या लाँगशिंग मंदिरात 971 मध्ये ओतायला घेतलेली, एकवीस मीटरहून उंच ब्राँझची ग्वानयिन, म्हणजे करुणेची बौद्ध देवता, उभी आहे. जंक्शन तिथेच झालं असतं तर त्या गावाचं काय झालं असतं कोण जाणे! आणि पूल टाळून वसलेल्या या शहराच्या दक्षिणेला झाओझोऊचा दगडी पूल आहे. सुमारे 605 साली ली चुन या कारागिरानं तो बांधला. एकाच कमानीत सदतीस मीटरचा गाळा. दोन्ही खांद्यांवर आणखी दोन-दोन छोट्या कमानी. त्यांमुळे पुलाचं वजन घटतं आणि पुराच्या पाण्यालाही वाट मिळते.