अहमदाबादची वसतिगृहं आणि ‘जीर्णोद्धार’ या शब्दाची ओढाताण

डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने जुन्या परिसरातली १८ पैकी १४ वसतिगृहं पाडून नवी बांधायचं ठरवलं आणि त्यासाठी वास्तुविशारदांकडून प्रस्ताव मागवले. ही वसतिगृहं अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांची. नाताळच्या सुमारास बातमी पसरली तशी माजी विद्यार्थी, देशोदेशीचे वास्तुविशारद आणि कान यांची तिन्ही मुलं विरोधात उभी राहिली. १ जानेवारी २०२१ ला संस्थेने पाऊल मागे घेतलं. प्रश्न मात्र सुटला नाही.

या परिसराचं काम १९६२ मध्ये कान यांच्याकडे आलं. त्याच काळात ढाक्याच्या संसद भवनाचं कामही त्यांच्या हातात होतं. अहमदाबादेत वीट होती, विटेचं काम करणारे गवंडी होते, म्हणून त्यांनी विटेतच सगळं उभं केलं. १७ मार्च १९७४ ला अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात त्यांचं निधन झालं. राहिलेलं काम इथल्या सहकाऱ्यांनी पुरं केलं.

यातली एकच कमान जवळून बघितली की वादाचं मूळ कळतं. कमान सपाट असली की विटा दोन्ही बाजूंना रेटतात. तो रेटा धरून ठेवायला कान यांनी कमानीच्या तळाशी काँक्रीटचा पट्टा घातला. वीट आणि काँक्रीट आपापलं काम करताना उघड दिसतात, गिलाव्याखाली काही झाकलेलं नाही. पण बांधकामातल्या लोखंडापर्यंत पाणी मुरलं की ते गंजतं, गंजलं की फुगतं, आणि आतूनच वीट फोडतं. त्यात २००१ चा भूकंप झाला. छताचे तुकडे पडतात, ओल येते, मुलांना राहणं धोक्याचं झालंय, ही संस्थेची तक्रार खोटी नव्हती.

तरीही दुरुस्ती अशक्य नव्हती, कारण ती करून दाखवलेली होती. मुंबईच्या एका वास्तुविशारद कार्यालयाने इथलं ग्रंथालय मुळाबरहुकूम दुरुस्त केलं. २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. नमुना म्हणून एक वसतिगृहही असंच दुरुस्त झालं. एवढं हाताशी असताना पाडण्याची भाषा का झाली, हे मला आजही पटलेलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने जतनाचं काम थांबवलं. प्राध्यापकांच्या इमारती, वर्ग आणि कडेची वसतिगृहं पुन्हा बांधायची, बाहेरचं रूप तसंच ठेवायचं, आतल्या सोयी बदलायच्या, असा निर्णय आला. शब्दांचा गुंता इथे होतो. आपल्याकडे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा बऱ्याचदा लाकडी सभामंडप जातो आणि स्लॅब येतो. देव तोच, जागा तीच, म्हणून गावाला त्यात वावगं वाटत नाही. जतन करणाऱ्यांच्या लेखी मात्र मूळ विटा राहिल्या तरच जतन, नाहीतर ती पुनर्बांधणी. दोन्ही बाजू ‘वारसा टिकवू’ असंच म्हणतात, आणि बोलतात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कान यांच्या इमारतीत तर भिंत हाच सांगाडा आहे. नवं बांधकाम आरसीसी चौकटीचं झालं, तर बाहेरची कमान दिसेल तशीच, पण तिच्यावर भार नसेल. मग ती कमान राहिली असं कसं म्हणायचं?

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे किमान १०० वर्षं जुनं. दिल्लीत प्रगती मैदानावरचं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन दालन वाचवायची धडपड झाली तेव्हा तिथल्या वारसा समितीची ६० वर्षांची अट आडवी आली, आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत ते जमीनदोस्त झालं. त्याच वर्षी अहमदाबादचं कोटाच्या आतलं जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. आयआयएम साबरमतीच्या दुसऱ्या तीरावर, त्या कोटाच्या बाहेर. तिथल्या विटांची शंभरी भरायला २०६० चं दशक उजाडावं लागेल.