हस्ताक्षराचे टाइप आले कुठून?

लग्नपत्रिकांवर, अत्तराच्या बाटल्यांवर दिसणाऱ्या लफ्फेदार रोमन अक्षरांच्या फाँटना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. हात सलग लिहितो आणि छापखान्यातला खिळा, म्हणजे एका अक्षराचा शिशाचा ठसा, मात्र सुटा असतो. या फाँटचा सगळा इतिहास ह्याच पेचातून घडला आहे.

१५५७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात रोबेर ग्रांजोंने त्या काळच्या फ्रेंच हस्ताक्षरावरून टाइप घडवला; पुढे त्याला ‘सिव्हिलिते’ नाव पडले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘राउंडहँड’ या गोलसर, जोडून लिहिण्याच्या वळणाची चलती होती. जॉर्ज बिकमच्या प्रसिद्ध कित्त्याची पाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली होती. पत्र्यावर रेष तोडावी लागत नाही, म्हणून तिथे ते वळण शोभले. शिशात तेच आणायचे तर अक्षराचे शेपूट खिळ्याच्या अंगाबाहेर काढावे लागे, आणि बाहेर आलेले टोक छपाईत मोडत असे. फ्रेंच टाइपकार फर्मँ दिदोने त्यासाठी तिरक्या अंगाचे खिळे ओतवून पाहिले.

शिशातली सर्वांत देखणी सोडवणूक मला ‘मिस्त्राल’ वाटते. फ्रान्समधल्या मार्सेयच्या ओलिव्ह फाउंड्रीसाठी, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी, रोजे एक्सकोफोंने १९५३ मध्ये तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून केला. प्रत्येक अक्षराची येणारी-जाणारी रेष त्याने अशी बेतली, की अक्षरे कशीही जुळवा, शब्द एका हाताने लिहिल्यासारखाच दिसतो. फ्रान्समधल्या दुकानांच्या पाट्यांवर तो आजही भेटतो.

शिशाऐवजी प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवणारे फोटोटाइपसेटिंग आले आणि खिळ्याला अंगच उरले नाही. टाइपकार मॅथ्यू कार्टरने १९६६ च्या सुमारास सतराव्या शतकातले लेखनगुरू चार्ल्स स्नेल यांच्या वळणावरून ‘स्नेल राउंडहँड’ केला. हेर्मान झाफच्या ‘झाफिनो’ने (१९९८) एकेका अक्षराची अनेक रूपे दिली, कारण हाताने लिहिलेली दोन अक्षरे तंतोतंत सारखी कधीच नसतात. शेजारचे अक्षर पाहून योग्य रूप आपोआप निवडण्याची सोय ‘ओपनटाइप’ या संगणकी फाँटच्या प्रकाराने केली.

आपल्याकडे हा पेच मोडीच्या वाट्याला आला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग शक्यतो बोरू न उचलता अक्षरे लिहीत जायची. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला खरा, पण पुढे छपाई बाळबोधीकडे (देवनागरीकडे) गेली आणि मोडी दफ्तरात राहिली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या जागतिक संकेतावलीत, जागा मिळाली. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकारांनी तिची लय भिंतींवर आणि पोस्टरांवर जिवंत ठेवली आहे. ती लय तिच्या सगळ्या गाठींसकट फाँटमध्ये उतरवण्याचे काम मात्र बरेच बाकी आहे, आणि ते पेशवे दफ्तरातले रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) सोडून वाचणाऱ्यांना सोबत घेऊनच करावे लागेल.