जुनं वायरिंग, नवे नियम आणि सारखा पडणारा आरसीसीबी

‘आमचं वायरिंग १९८७ चं आहे, नवे नियम आम्हाला लागू होतात का?’ पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांतून आणि कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांतून आम्हा वायरिंगचं काम करणाऱ्यांना हा फोन दर आठवड्याला येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

नियम बदलत आले, हे खरं. १९५६ चे भारतीय विद्युत नियम जाऊन २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे आले. घरातल्या वायरिंगचं मानक, आयएस ७३२, तेही २०१९ मध्ये नव्याने निघालं. पण नवी आवृत्ती निघाली म्हणून कुणी तुमच्या भिंती फोडायला लावत नाही. प्रश्न उभा राहतो तो तुम्ही हात लावता तेव्हा: लोड वाढवताना, एसीची नवी लाइन टाकताना, नवं मीटर घेताना. नवं काम आजच्या नियमानेच करावं लागतं. जुनं राहू शकतं, पण तपासणीत धड निघालं तर. पट्टी फिटिंग (भिंतीवर पट्टीवरून नेलेल्या वायरी) आहे म्हणून ते वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. काही घरांतली पट्टी फिटिंग नंतरच्या कन्सील्ड (भिंतीच्या आतल्या) कामापेक्षा नीट निघते.

आता खरी डोकेदुखी. ‘बाकी काही नको, फक्त आरसीसीबी बसवून द्या, तासाभराचं काम’ असं सांगितलं जातं. (आरसीसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच. बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, चालतं.) तो बसतो, संध्याकाळी पडतो, म्हणजे सप्लाय तोडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी गल्लीतला कुणीतरी तो बायपास करून देतो आणि ‘तुमचा माल खराब’ म्हणून आम्हाला ऐकावं लागतं.

माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडलाच पाहिजे. एमसीबीला, म्हणजे जादा करंटला पडणाऱ्या स्विचला, एवढा करंट कळतच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, हा माणसासाठी. आणि जुन्या घरांत न्यूट्रलचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

एका वाड्यात गीझर आणि पॅसेजची नवी लाइन आरसीसीबीवर घेतली होती, बाकी खोल्या जुन्या फ्यूजवर. पॅसेजचा दिवा लावला की आरसीसीबी खाली. बोर्ड उघडला तर दिव्याला फेज नव्या लाइनची, न्यूट्रल मात्र शेजारच्या खोलीतून लूप मारून घेतलेली. करंट गेला एका दाराने आणि आला दुसऱ्या दाराने. त्याच घरात गीझरच्या सॉकेटमध्ये अर्थच्या पिनपासून न्यूट्रलपर्यंत दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा जोडलेला! अर्थिंगची वायरच नव्हती, म्हणून कुणीतरी काढलेली युक्ती. अशा घरात मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गीझरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. आणि अंघोळीला माणूस ओल्या पायांनी उभा असतो.

अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी चालतो, हे लोक बरोबर सांगतात. फक्त तेव्हा तो पडायला आधी कुणाला तरी शॉक बसावा लागतो. अर्थिंग असेल तर बॉडीला करंट आल्याबरोबर पडतो.

म्हणून आम्ही आधी तपासणी करतो, तिचे पैसे घेतो, आणि त्यावरून थोडी कुरबुरही होते. पण ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन बघायचं, न्यूट्रल वेगळ्या करायच्या, अर्थिंग मोजायचं, यात अर्धा दिवस जातो. प्रत्येक सर्किटचं रीडिंग लिहून देतो. एक मेगाओहमच्या खाली गेलं की ती वायर बदला, असं स्पष्ट सांगतो. काम आमच्याकडे दिलंत तर तपासणीची रक्कम बिलात वळती होते. महावितरणला द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर आमचा लायसन्स नंबर जातो, म्हणून घर न बघता सही मिळणार नाही. इतरत्र मिळत असेल.

पूर्ण वायरिंग एकदम काढायलाच हवं असं नाही. बाथरूम आणि स्वयंपाकघर आधी, बाकी पुढच्या वर्षी, असंही करून देतो. पण रंगकामाच्या आधी बोलवा, नंतर नको.

आम्ही यायच्या दिवशी टीव्ही, वायफाय, फ्रिज, सगळ्याचे प्लग काढून ठेवा. मेगरच्या ५०० व्होल्टमध्ये नाजूक सर्किटं जातात. आणि डीबीसमोरचं (एमसीबी-आरसीसीबीच्या बोर्डासमोरचं) कपाट आदल्या रात्रीच हलवून ठेवलंत तर तासभर वाचेल, आमचाही आणि तुमचाही.