लामालेरा

लामालेरा : इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील लेंबाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गाव. लोकसंख्या सुमारे दोन हजार. लाकडी होडीच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) उडी घेऊन हातातल्या भाल्याने देवमासा टिपणाऱ्यांचे गाव, अशी त्याची जगभर ख्याती आहे. शिकारीची छायाचित्रे सगळीकडे पोहोचली, पण शिकारीनंतर किनाऱ्यावर होणारी वाटणी आणि त्यामागून डोंगरातल्या गावांशी चालणारा विनिमय फारसा कोणी पाहिला नाही. गाव आजवर तगले ते या दोन गोष्टींवर.

लेंबाता (जुन्या नकाशांत लोंब्लेन) हे बेट फ्लोरेसच्या पूर्वेला, आदोनारा आणि सोलोर या बेटांच्या पलीकडे आहे. १९९९ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे लेवोलेबा हे बेटाच्या उत्तर अंगाला असून तेथून लामालेराला येणारा डोंगरी रस्ता मालमोटारीला कित्येक तास घेतो. गाव लाबालेकांग या ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसले आहे. उतार तीव्र, जमीन खडकाळ, पाणी तुटपुंजे. पोट भरेल अशी शेती येथे होत नाही. समोर मात्र सावू समुद्र किनारा सोडताच खोल होत जातो. प्रशांत महासागराचे पाणी या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागराकडे वाहते आणि त्याच वाटेने देवमासे व डॉल्फिन ये-जा करतात. राक्षसी पाकट (मांटा हे मोठे चपटे मासे) याच पाण्यात सापडतात. गावाचे दोन भाग आहेत : उंचवट्यावरचे लामालेरा ‘अ’ आणि पुळणीलगतचे लामालेरा ‘ब’. पुळणीवर होड्यांसाठी गवताने शाकारलेल्या खोपी ओळीने उभ्या असतात.

येथील भाषा लामाहोलोत गटातली. आपले पूर्वज सुलावेसीकडच्या लुवुकहून निघाले, वाटेत लेपान बातान या बेटावर राहिले आणि समुद्राने ते बेट गिळल्यावर येथे आले, असे गावकरी सांगतात. कुळाची होडी हीच त्या प्रवासाची साक्ष मानली जाते. म्हणून होडी मोडली की नवी त्याच नावाने बांधतात, आणि फळ्यांचा क्रम पूर्वजांनी घालून दिला तसाच ठेवतात. या होडीला गावात ‘तेना’ आणि बाहेर ‘पेलेदांग’ म्हणतात. तिच्यात लोखंडी खिळा वापरत नाहीत; फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडतात. पूर्वापार शीड ताडवर्गातल्या झाडाच्या पानांचे विणलेले असते. नाळेवर बऱ्याचदा डोळे रंगवतात. नाळेपुढे बांबूचा मचाण निघालेला असतो आणि त्यावर उभा राहतो तो भालेकरी, म्हणजे ‘लामाफा’. भाल्याचा दांडा लांब बांबूचा असतो. लामाफा तो नुसता फेकत नाही. सगळ्या अंगाच्या भारासह देवमाशावर झेपावतो आणि पोहत परत होडीकडे येतो. मग जखमी जनावर होडीला तासन्‌तास ओढत नेते. यात माणसे दगावली आहेत, होड्या बुडाल्या आहेत.

शिकारीचा मुख्य हंगाम (‘लेवा’) मे ते ऑक्टोबर. इतर महिन्यांत देवमासा दिसल्यास ‘बालेओ!’ अशी आरोळी उठते आणि हातातले काम टाकून माणसे पुळणीकडे धावतात. शिकार होते ती प्रामुख्याने स्पर्म जातीच्या देवमाशाची (स्थानिक नाव ‘कोतेकलेमा’). निळ्या देवमाशाला मारायचे नाही, हा जुना निषेध आजही पाळला जातो. पुरुष समुद्रावर असताना घरात भांडण होऊ नये असाही दंडक आहे, कारण घरातला तंटा होडीवर संकट आणतो अशी श्रद्धा आहे. १८८६ मध्ये एका जेझुइट धर्मगुरूने येथे पहिले बाप्तिस्मे केले आणि १९२० च्या दशकात जर्मन मिशनरी बर्नहार्ड बोडे यांच्या काळात कॅथलिक पंथ स्थिरावला. जुन्या विधींनी त्याच्याशी जमवून घेतले. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी समुद्रात गेलेल्यांसाठी मिस्सा होते व मेणबत्त्या लावतात. १ मे रोजी पुळणीवरच्या प्रार्थनास्थळापाशी होड्यांना आशीर्वाद दिला जातो. त्याच सुमारास मूळ जमीनधारक कुळातले लोक डोंगरावरच्या देवमाशासारख्या खडकापाशी देवमाशांना बोलावण्याचा विधी करतात. रविवारी शिकार नसते.

देवमासा पुळणीवर ओढला की वाटणीला सुरुवात होते. कोणता तुकडा कोणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. भालेकऱ्याचा, खलाशांचा, होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा आणि होडीत कुळाचा हक्क असलेल्या घरांचा वाटा वेगवेगळा. मूळ जमीनधारक कुळाला डोक्याकडचा भाग मिळतो. वाटेकरी पुढे आपल्या वाट्यातून नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना देतात. विधवा, अनाथ आणि म्हातारी माणसे उपाशी राहता कामा नयेत हा या वाटपामागचा उघड बोलून दाखवला जाणारा हेतू आहे.

पुढचे काम बायकांचे. मांसाच्या पट्ट्या बांबूंवर वाळत घालतात, खाली ठिबकणारे तेल गोळा करतात. मग वाळलेले मांस, मासळी, मीठ आणि चुना डोक्यावर घेऊन बायका डोंगरातली गावे गाठतात किंवा वुलांदोनीच्या शनिवारच्या बाजाराला जातात. तेथे पैशाऐवजी वस्तूंचा विनिमय चालतो. बाजारशुल्कही जिनसांतच गोळा होते आणि त्यानंतर शिट्टी वाजली की देवघेव सुरू होते. मका, केळी, कंदमुळे, विड्याची सामग्री घेऊन त्या परततात. म्हणजे लामालेराचे पोट देवमाशाच्या मांसापेक्षा त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या मक्यावर अधिक भरते. येथील शिकारीविषयी बाहेर जे बोलले जाते त्यात या बायकांचा उल्लेख क्वचितच असतो, ही मोठी उणीव आहे.

१९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने येथे आधुनिक साधनांनी शिकारीचा प्रयोग केला. तो टिकला नाही. गावाची व्यवस्था जेवढे मांस वाटू, वाळवू आणि बदलून आणू शकते त्यापलीकडच्या मांसाचा उपयोग नव्हता. पुढे होडीला बाहेरून लावायची इंजिने आली. आता पुष्कळदा यांत्रिक होडीच पेलेदांगला देवमाशापर्यंत ओढत नेते. इंजिनाला लागणारे इंधन आणि मुलांची शाळेची फी मक्याच्या बदल्यात मिळत नाही. त्यामुळे जाळी टाकून मासेमारी, मासळीची रोख विक्री, विणलेल्या कापडाचा व्यापार आणि पर्यटकांची सोय हे मार्ग वाढले.

रोजगारासाठी या बेटांवरचे लोक कित्येक दशके मलेशियातील साबाहला जात आले आहेत. शिक्षणाची ओढही जुनी आहे. इंडोनेशियन भाषेचे नामवंत अभ्यासक गोरिस केराफ याच गावचे. १९९९ ते २००१ या काळात देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ हेही येथलेच. शिकलेली मुले बहुधा परतत नाहीत, आणि तेना बांधण्याचे व भाला चालवण्याचे कसब तर पुळणीवर राहूनच शिकता येते. प्रांत देशातल्या गरीब प्रांतांपैकी आहे. २०१४ च्या गावविषयक कायद्यानंतर खेड्यांना केंद्राकडून थेट निधी मिळू लागला. पण त्याने बेटावरच्या पक्क्या रोजगाराची उणीव भरून निघालेली नाही.

स्पर्म देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असुरक्षित मानला जातो आणि इंडोनेशियाच्या कायद्यानेही तो संरक्षित आहे. देश देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा सदस्य नाही, आणि लामालेराची उदरनिर्वाहापुरती शिकार सरकार चालू देत आले आहे. सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान करण्याचे ठरले तेव्हा गावाने कडाडून विरोध केला. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सुमारे ३३.५ लाख हेक्टरांच्या उद्यानातून लेंबाताचे पाणी वगळलेले आहे. त्याच वर्षी मांटा पाकटाला देशभर पूर्ण संरक्षण मिळाले. गावाची हंगामी मासळी एका फटक्यात बेकायदा ठरली, आणि २०१६ मध्ये मांटाच्या व्यापाराच्या आरोपावरून झालेल्या अटकेनंतर गाव संतापून उठले. संरक्षणवाद्यांची भीती निराधार नाही : मांटाचे कल्ले आशियाई बाजारात मोठ्या किमतीला जातात, आणि रोख विक्री वाढली की ‘उदरनिर्वाहापुरते’ ही मर्यादा पुसट होते. तरी मर्यादा कोठे आखायची हे ठरवताना मांसाचे हिशेब पाहून भागणार नाही. वुलांदोनीत मका घेऊन येणारे डोंगरातले शेतकरी आणि वाटणीत हक्क असलेल्या विधवा यांचे काय होईल, हेही त्याच बैठकीत विचारात घ्यावे लागेल; आजवरच्या बहुतेक चर्चांत ते घेतले गेलेले दिसत नाही.